डोंगरउतारावरच्या जमिनीसाठी काय घ्यावं: पॉवर टिलर, १५ एचपीचा मिनी की फोर व्हील ड्राइव्ह?

किती एचपीचा ट्रॅक्टर घेऊ, हा सपाटीवरचा प्रश्न आहे. फलटण-बारामतीकडे उसाच्या सऱ्या आणि भरलेल्या ट्रॉल्या असतात, तिथे एचपीला अर्थ आहे. जमीन वेल्हे-मुळशीच्या उतारावर किंवा पोलादपूर, संगमेश्वर, राजापूरकडे असेल, तर आधी यंत्राची रुंदी बघा, मग वजन, मग चारही चाकं ओढतात का ते. एचपीचा नंबर त्यानंतर लागतो. शोरूममध्ये मात्र बोलणं नेमकं एचपीपासूनच सुरू होतं.

म्हणून डीलरकडे जाण्याआधी टेप घेऊन जमिनीवर जा. रस्त्यापासून शेवटच्या खाचरापर्यंतच्या वाटेत सर्वांत चिंचोळी जागा कोणती? बहुतेकदा ती दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधली जुनी बैलगाडीची वाट असते, किंवा पऱ्ह्यावरची (ओढ्यावरची) मोरी. ४०-४५ एचपीचा नेहमीचा ट्रॅक्टर साडेपाच-सहा फूट रुंद आणि दोन टनांच्या घरात असतो. तो या वाटेने जात नसेल, तर त्या गटाचा विचार तिथेच संपला. मिनी ट्रॅक्टर साडेतीन-चार फुटांत बसतो.

मग उतार मोजा. दहा फुटी बांबूचं एक टोक वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, गवंड्याच्या लेव्हल पाइपने बांबू आडवा करा आणि खालच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते बघा. अडीच फूट आलं तर उतार चाराला एक, म्हणजे १४ अंश. एवढ्या उतारावर आडवं चालवणं मी थांबवतो. कागदावर ट्रॅक्टर याच्या दुप्पट कोनातही उलटत नाही, पण कागदावर वारूळ नसतं, साळिंदराचं बीळ नसतं आणि गवतात लपलेला धोंडाही नसतो. वरचं चाक धोंड्यावर आणि खालचं बिळात गेलं की तो कोन एका क्षणात वाढतो.

भातखाचरं असतील तर टिलर

पाच-सहा गुंठ्यांची खाचरं, मधे कमरेएवढे बांध आणि मुख्य काम चिखलणीचं: इथे पॉवर टिलरला तोड नाही. व्हीएसटी किंवा कॅमकोचा १२-१३ एचपीचा डिझेल टिलर चारशे किलोंच्या आसपास भरतो. बांधाला दोन जाड फळ्या लावून तो एका खाचरातून दुसऱ्यात उतरवता येतो, आणि लोखंडी चाकं लावली की चिखलात रुतत नाही. कोपरे तर त्याच्याइतके स्वच्छ कोणताच ट्रॅक्टर काढत नाही.

पण उतारावर टिलरची एक खोड आहे, ती नव्या माणसाला कोणी आधी सांगत नाही. सपाटीवर डाव्या बाजूचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतरताना तोच डावा क्लच दाबला तर तो उजवीकडे वळतो, कारण क्लच दाबलेलं चाक इंजिनापासून सुटतं आणि उताराने जोरात पळतं. बांधाच्या कडेवर हे पहिल्यांदा अनुभवायला लागू नये. उतरताना क्लचला हात न लावता हँडलने वळवायचा, आणि ही सवय मोकळ्या माळावर आधी करून घ्यायची. दिवसभर चालवल्यावर खांदे बोलतात, हेही धरून चाला. साठीच्या माणसाने एकट्याने टिलरवर शेती करायचं ठरवू नये.

काम फक्त आंबा-काजूच्या आळ्यांचं आणि भाजीपाल्याचं असेल, तर टिलरही जड पडेल. शंभर किलोंच्या आतबाहेरचा पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं छोटं यंत्र, दोन-तीन गडी उचलून बांधापलीकडे ठेवतात.

१५ एचपीचा मिनी

महिंद्रा युवराज २१५ हे यातलं ओळखीचं नाव: एक सिलिंडर, १५ एचपी. सपाटीवरच्या बागेत, कपाशीच्या आंतरमशागतीत हे ट्रॅक्टर चांगलं काम करतात. डोंगरात मला ते पटत नाहीत, कारण ओढ फक्त मागच्या चाकांची. ओल्या गवतावर चढताना चाक जागच्या जागी फिरतं आणि मागे जड अवजार असेल तर तोंड उचलतं. मागे उलटायला लागलेला ट्रॅक्टर पाऊण-एक सेकंदात हाताबाहेर जातो, तेवढ्यात क्लचवर पाय पोचत नाही. जमीन सड्यावर (जांभ्याच्या पठारावर), बऱ्यापैकी सपाट आणि रस्त्याला लागून असेल तरच हा घ्या.

२१ ते २८ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह

कुबोटाचा निओस्टार ए२११एन (२१ एचपी), महिंद्राचा जिवो २४५ (२४ एचपी), जॉन डिअरचा ३०२८ ईएन (२८ एचपी) हे या गटातले. महिंद्राने २०२३ मध्ये ओजा ही २० ते ४० एचपीची मालिका आणली, तीही सगळी फोर व्हील. उतारावर कलमांची बाग, नाचणी-वरईची वरकस जमीन आणि अधूनमधून ट्रॉली असं मिश्र काम असेल तर माझं मत याच गटाला.

चढण्यापेक्षा उतरण्यासाठी मी हे म्हणतो. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक दाबला की घसरतात. फोर व्हील घातलेलं असेल तर पुढची चाकं शाफ्टने मागच्यांशी जोडलेली राहतात आणि तीही रोखून धरतात. कोरड्या डांबरीवर एरवी फोर व्हील काढून ठेवतात. उभ्या उतारावर मात्र ते घालूनच उतरावं.

आता ट्रॉली. जांभ्याचा एक चिरा तीस किलोंच्या पुढेमागे भरतो. पन्नास चिरे म्हणजे दीड टन, वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. मिनी ट्रॅक्टर सात-आठशे किलोंचा आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. चढाला इंजिन हे ओझं खेचेलही, पण उतरताना दुपटीहून जड ट्रॉली मागून ढकलत असते आणि वळणावर ट्रॅक्टरला आडवा करते. एचपी वाढवून यात काही फरक पडत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच दाबू नका, न्यूट्रल तर नाहीच. डाव्या-उजव्या ब्रेकच्या पेडलांना जोडणारी पट्टी लावल्याशिवाय शेताबाहेर पडू नका. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. चिरे, रेती, खत यांच्यासाठी सरळ पिकअप भाड्याने सांगा.

२१ की २८? रोटाव्हेटर साडेतीन फुटी की चार फुटी, एवढाच काय तो खरा फरक. फवारणीच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाला दोन्ही पुरून उरतात. कोकणपट्टीत २१ भागतं. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटरवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद शंभर मीटरमागे साधारण एक टक्का घटते, म्हणजे २१ चे तिथे अठराच उरतात. तिकडे २४ च्या पुढचा बघा.

चिंचोळेपणाची किंमतही मोजावी लागते: जो ट्रॅक्टर गडग्यातून सुटतो तोच उतारावर आडवा कलंडायला सोपा. बहुतेक मॉडेलमध्ये मागच्या चाकांच्या डिश (मधल्या लोखंडी तबकड्या) उलट्या बसवून रुंदी काही इंच वाढते. डीलरकडूनच तसं करून घ्या, आणि टायरात पाणी भरून वजन तळाशी आणा. डोक्यावरची लोखंडी कमान आणि सीटबेल्ट दोन्ही हवेत. नुसती कमान उपयोगाची नाही, कारण बेल्ट नसलेला माणूस तिच्याखालीच सापडतो.

ऑक्टोबरातलं छातीएवढं गवत कापायला मात्र यातलं काहीच घेऊ नका. दगडाळ उतारावर ब्रश कटर आणि दोन गडी स्वस्त पडतात.

पैसे आणि कागद

ढोबळ मानाने टिलर दोन लाखांच्या आसपास, १५ एचपीचा मिनी तीन-सव्वातीन, फोर व्हील साडेचार लाखांच्या आसपासपासून पुढे, अवजारं वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; कोटेशन त्याप्रमाणे आहे ना, हे बघा. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका. पहिल्या दोन पावसांनंतर, तुमच्याच जमिनीवर, अवजार लावून ट्रॅक्टर वर चढवा आणि खाली उतरवा. डीलर यायला तयार नसेल तर सर्व्हिसला त्याचा मेकॅनिक घाट चढून येईल का, याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.