रोमचं टर्मिनी स्टेशनजवळचं हॉटेल: जागा एक नंबर, पण लिफ्टच्या आधीच्या पायऱ्या विचारून घ्या

सोसायटीतल्या दोघीतिघींना दिवाळीत इटलीला जायचंय आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, रोममध्ये कुठे राहिलात आणि सासूबाईंना घेऊन जमलं का. तर एकदाच सगळं लिहून टाकते. हॉटेलचं नाव देत नाहीये कारण तक्रारी पण आहेत, आणि तसंही त्या गल्लीत ह्याच टाइपची बरीच हॉटेलं आहेत, एकाचं वाचलंत की बाकीच्यांचा अंदाज येतोच. तीन स्टार, टर्मिनी म्हणजे रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत, म्हणजे आपल्या ठाणे स्टेशनवरून गावदेवी मैदान जेवढं लांब साधारण तेवढंच.

पहिली गोष्ट म्हणजे हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर अख्खी बिल्डिंग येते, तसं तिथे नसतं. जुन्या इमारतीचे एकदोन मजले हॉटेलचे, खाली दुकान, वर कुणाचं तरी ऑफिस आणि राहती घरं. एस्क्विलिनो म्हणतात त्या भागाला, १८७१ मध्ये रोम इटलीची राजधानी झालं त्यानंतर हा सगळा भाग वसवला, त्यामुळे इमारती भारदस्त, छत उंचच उंच, आणि लिफ्ट नंतर कधीतरी जिन्याच्या मधल्या जागेत कशीबशी बसवलेली. आमचीवाली लोखंडी जाळीची होती, आतली लाकडी दारं आणि बाहेरची जाळी दोन्ही नीट लावल्याशिवाय हलायची नाही. दोन माणसं आणि एक बॅग, बास. बॅगा आधी वर, मग सासूबाई आणि मी, मग नवरा आणि लेक, असं रोज चालायचं. लेकाला अर्थातच संपूर्ण ट्रिपमध्ये तीच सगळ्यात आवडली.

पण खरा प्रॉब्लेम लिफ्टचा नाहीच, लिफ्टपर्यंत पोचायचा आहे. मुख्य दारातून आत आलं की आधी संगमरवरी पायऱ्या चढायच्या आणि मग लिफ्ट! बुकिंगच्या पेजवर 'लिफ्ट आहे' असं लिहिलेलं, ते खोटं नाही म्हणता येत, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे आधी कळायला नको का? रिसेप्शनवाल्याला म्हटलं तर तो शांतपणे म्हणाला, इमारत जुनी आहे. हो बाबा, दिसतंय ते. म्हणून ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मेल करून सरळ विचारा, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती आणि कठडा आहे का. उत्तर नाही आलं तर दुसरं हॉटेल बघा.

चेक-इनला सगळ्यांचे पासपोर्ट घेतात, घाबरू नका, तिथे प्रत्येक हॉटेलला पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवावी लागते. आणि सिटी टॅक्स वेगळा भरायचा असतो हे लक्षात ठेवा, तीन स्टारला माणशी एका रात्रीचे ६ युरो, चार स्टारला साडेसात, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे लेक सोडून आम्हा तिघांचे रोजचे १८ युरो, बुकिंगच्या रकमेवर आणखी. टॅक्सबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण आमच्या हॉटेलला तो कॅशमध्येच हवा होता आणि हे आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं, मग नवरा रात्री एटीएम शोधत फिरला. नौपाड्यातून युरो घेतले होते ते मोठ्या नोटांचे, सुटे म्हणून त्यांच्याकडेपण नाहीत. अर्धा स्टार इथेच कापला.

आता खोली. फोटोत बाल्कनी, फुलं, खाली रस्ता वगैरे. प्रत्यक्षात खिडकी आतल्या चौकात उघडणारी, समोर दुसऱ्या कुणाचे वाळत घातलेले कपडे. आमचं तोंड पडलं. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रस्त्याकडच्या खोलीतलं एक जोडपं भेटलं, त्यांचे डोळे तारवटलेले, म्हणाले पहाटे काचेच्या बाटल्या गोळा करणारी गाडी येते आणि रात्रभर लोकांच्या बॅगांची चाकं दगडी रस्त्यावर खडखडतात. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेत ना, त्यावर चाकाची बॅग म्हणजे नुसता धिंगाणा. आमच्याकडे शांतता, खिडकीला बाहेरून शटर, खाली ओढलं की मिट्ट काळोख, गादी उत्तम, एसी चालू. त्यामुळे मी तर म्हणेन चौकाकडचीच खोली मागून घ्या, बाल्कनीत बसायला रोममध्ये वेळ कुणाला आहे.

बाथरूम छोटं पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न मला माहितीये, तर उत्तर हो, पाण्याची सोय आहे. इटलीत १९७५ च्या सरकारी नियमाप्रमाणे घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिडे असावाच लागतो, आणि आमच्या हॉटेलमध्येही होता. आपल्यासारखा जेट स्प्रे नाही, वेगळं छोटं बेसिनसारखं असतं, पण पॅरिस-लंडनला जाऊन आलेल्यांना विचारा, ह्याची किंमत काय ते. शॉवरपाशी भिंतीवरून एक दोरी लोंबत असते, ती टॉवेल अडकवायला नाहीये, ती ओढली की रिसेप्शनवर अलार्म वाजतो. सासूबाईंनी ओढली. दोन मिनिटात माणूस दारात हजर, त्या आतून मराठीत "अहो कोण आहे, थांबा" म्हणतायत, असो. सर्व्हिस तत्पर आहे एवढं तर कळलं.

खोलीत किटली नाही. इटलीत बऱ्याच हॉटेलात नसते म्हणे, कॉफी पिणारी माणसं. "अगं, सकाळी उठल्यावर चहा नाही म्हणजे काय?" हे ऐकायचं नसेल तर घरून छोटी किटली घेऊन जा, आणि ॲडॉप्टर पण, तिथल्या प्लगला एका ओळीत तीन भोकं असतात, आपली जाड पिन आत जात नाही. दुधाचं काही युरोपात नेऊ देत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप घरीच ठेवा, चहा पावडर आणि चिवडा चालतो. नाश्ता बुकिंगमध्ये होता पण सगळा गोडच, क्रोसाँसारखे कोर्नेत्तो, जाम, केक, टोस्ट, बरोबर उकडलेली अंडी. कॅपुचिनो मात्र मशीनचा असूनही फार छान. सासूबाईंनी चिवडा बशीत घेऊन तिथेच बसून खाल्ला, कुणी काही बोललं नाही. वेगळे पैसे भरून हा नाश्ता घेऊ नका, खालच्या बारमध्ये (तिथे कॅफेलाच बार म्हणतात) उभं राहून कॉफी-कोर्नेत्तो स्वस्तात होतं.

लोकेशनला मात्र पाचपैकी पाच. एअरपोर्टवरून लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटात थेट टर्मिनीला, तिकीट १४ युरो. मेट्रोच्या ए आणि बी दोन्ही लाइन इथेच मिळतात, बी ने कोलोसियम दुसरं स्टेशन, ए ने ओत्ताव्यानोला उतरून व्हॅटिकन. सांता मारिया माज्जोरे चर्च तर चालत, आत जायला पैसे नाहीत, २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना तिथेच दफन केलं त्यामुळे रांग असते, पण सकाळी लवकर गेलात तर पुढे सरकते. मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा पण ह्याच बाजूला, सान पिएत्रो इन विन्कोली चर्चमध्ये, फुकट, आणि गर्दी त्यामानाने कमी. आणि पियाझ्झा व्हित्तोरिओ चौकाजवळ एस्क्विलिनोचं मार्केट आहे तिथे बांगलादेशी दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळ-तांदूळ सगळं मिळतं, हिंदीत भाव विचारा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ आहेत, शहरभर जवळजवळ २५०० आहेत, पाणी थंडगार आणि पिण्याचं.

स्टेशनचा परिसर रात्री थोडा कळकट वाटतो, पण वर्दळ असते, आम्हाला भीती वाटली नाही. खिसेकापू मात्र आहेत, टर्मिनीवर आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खास. लोकलच्या गर्दीत जशी पर्स पुढे धरतो तशीच धरा.

साडेतीन स्टार देते. फक्त नवरा-बायको किंवा तरुण मंडळी असतील तर डोळे मिटून घ्या. सासू-सासरे बरोबर असतील तर पायऱ्यांचा मेल आधी, पैसे नंतर, आणि बुकिंग फुकटात रद्द होणारंच घ्या, दहावीस युरो जास्त गेले तरी चालतील.