स्वस्तातला पी-बेस: नेक बघून घ्या, बाकीचं सगळं बदलता येतं

पहिला बेस गिटार घ्यायचा असेल आणि बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे, साधा प्रिसिजन टाइप बेस घ्या, ज्याला सगळे पी-बेस म्हणतात तो. एक स्प्लिट पिकअप (तारांचं कंपन टिपणारा, दोन तुकड्यांतला), एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. मी घेतला तो पण असाच, पॉप्लरची बॉडी आणि मेपलचा नेक (तारा दाबायचा लांब दांडा), बजेट रेंजमधला, आणि त्यावर जे जे काम केलं त्यातलं कुठलं कामाचं निघालं आणि कुठलं नाही ते लिहितोय.

पी-बेसच का, तर हे डिझाइन लिओ फेंडरचं, १९५१ सालचं, आणि आत्ताचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा, त्यामुळे इतकी वर्षं सगळे पार्ट बनवणारे तीच मापं धरून बसलेत, पिकअप म्हणा ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) म्हणा काहीही बदलायचं तर मिळतं आणि बहुतेक वेळा बसतं. आतलं वायरिंग पण इतकं साधं की पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्यालाही जमेल. ॲक्टिव्ह बेस स्वस्तात मिळतात, त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, आवाज दुकानात भारी वाटतो, पण वाजवून झाल्यावर केबल काढायची राहिली की बॅटरी उतरते (जॅकच स्विचचं काम करतो म्हणून) आणि आतल्या स्वस्त प्रीॲम्पमधून (आवाज वाढवणारं सर्किट) सूं आवाज येतो तो वेगळाच. हात लहान असतील किंवा मुलांसाठी घेत असाल तर नेहमीच्या ३४ इंचाऐवजी ३० इंच स्केलचा (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) शॉर्ट स्केल बघा, तारा सैल लागतात आणि बोटं कमी ताणावी लागतात.

घेताना फक्त नेक बघा, म्हणजे अगदी फक्त नेक. रंग, नॉब, चकचकीत पिकगार्ड हे सगळं नंतर होतं पण वाकडा नेक घरी सरळ होत नाही. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) बॉडीकडे एका डोळ्यानं बघायचं, पीळ पडलाय का ते दिसतं. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबून वाजवायची, एखाद्याच फ्रेटवर आवाज मेला तर त्याच्या पुढचा, बॉडीकडचा फ्रेट वर उचललेला असू शकतो, असा पीस सोडून द्या. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) फिरतो का हे पण विचारा, जाम असेल तर नको. माझ्या पीसचा नेक छान निघाला, फ्रेटची टोकं मात्र कडेला बोचत होती, या रेंजमध्ये हे खूप दिसतं कारण लाकूड सुकून आकसतं आणि धातू आहे तिथेच राहतो. बारीक कानशीनं टोकं हळूहळू गोल केली, आधी फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावून, आणि एवढ्यानं बेस हातात महागातला वाटायला लागला, खोटं नाही सांगत.

आता सेटअप. ज्यांना वाटतं आपला बेस स्वस्त आहे म्हणून वाजवायला जड जातो त्यांनी पार्ट घेण्याआधी हे करून बघाच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, ई तार (सगळ्यात जाड) शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची, साधारण ०.३ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट, कमी असेल तर सैल, पण एका वेळी पाव फेराच आणि मग थोडं थांबून परत मोजायचं, जोर लावायचा नाही. त्यानंतर सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) स्क्रू फिरवून सतराव्या फ्रेटवर तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटरच्या आसपास आणा. शेवटी इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला हवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे (नेकपासून लांब), उतरा असेल तर पुढे. हा क्रम बदलू नका, ट्रस रॉड हलला की बाकी दोन्ही गोष्टी हलतात. आणि हो, नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी! स्वस्त बेसमध्ये प्लॅस्टिकचा नट असतो आणि त्याच्या खाचा वर राहिलेल्या असतात, म्हणून पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे येतात आणि बोट दुखतं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर फट बघा, जेमतेम कागद जाईल इतकीच हवी. हे काम मात्र गिटार रिपेअरवाल्याकडे द्या कारण खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो.

सगळ्यात जास्त फरक कशानं पडला तर तारांनी. सोबत आलेल्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) होत्या, ठीकठाक, पण मी फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावल्या आणि बेस वेगळाच झाला. बोट सरकवताना सर्र आवाज येत नाही, खर्ज गोल येतो, बँडमध्ये ड्रमच्या किकला एकदम चिकटून बसतो. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जो १९६२ चा प्रिसिजन वाजवायचा त्यावर फ्लॅटवाउंडच होत्या आणि ब्रिजच्या कव्हरखाली फोम. तसाच साध्या स्पंजचा तुकडा ब्रिजजवळ तारांखाली सरकवून बघा, सूर लवकर थांबतात आणि जुना ठप ठप आवाज मिळतो, खर्च काहीच नाही आणि नको वाटला तर काढून टाका. स्लॅप (अंगठ्यानं तार आपटून वाजवणं) करणाऱ्यांनी किंवा मेटल वाजवणाऱ्यांनी राउंडवाउंडच ठेवाव्यात, फ्लॅटमध्ये ती धार येत नाही. फ्लॅटच्या बऱ्याच सेटचा ताण जास्त असतो, लावल्यावर नेक पुन्हा बघा.

वायरिंगमध्ये दोन्ही पॉट (व्हॉल्यूम आणि टोन नॉबच्या खालचे भाग) बदलले, २५० के चे, आणि कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा. जुना टोन नॉब एकदम शेवटच्या टोकाला काहीतरी करायचा, आता हळूहळू बदल होतो. मोठ्या पॉटचा दांडा जाड असतो त्यामुळे भोक वाढवावं लागू शकतं, मागवायच्या आधी मोजा. हम (गुणगुण) थांबवायला आतून कॉपर टेप लावलीच पाहिजे असं नाही, स्प्लिट पिकअपच्या दोन कॉइल एकमेकींचा हम मारतात म्हणून पी-बेस तसाही शांत असतो, फेंडरच्याच दोन पिकअपवाल्या जॅझ बेसला टेपचा जास्त उपयोग. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग ठीक आहे, हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची वायर सुटलीय का बघा.

पिकअप बदलायची घाई करू नका. आवाज पातळ वाटतो म्हणून लोक आधी पिकअप मागवतात आणि वाजवत असतात गिटारच्या छोट्या ॲम्पवर, अहो खुल्या ई तारेची फ्रिक्वेन्सी ४१ हर्ट्झ आहे, तो इवलासा स्पीकर ती देणार कशी, उलट जोरात वाजवला तर फाटेल. आधी चांगल्या हेडफोनवर नाहीतर खऱ्या बेस ॲम्पवर ऐका. मग पिकअपची उंची लावा, तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई कडे २.८ आणि जी कडे २ मिलिमीटरच्या आसपास. एवढं करूनही आवाज कोरडा वाटला म्हणून मी अल्निको मॅग्नेटचा पिकअप बसवला, जुना सिरॅमिकचा होता, मधला आवाज भरला आणि टोकाची कर्कश बाजू गेली. आवडला, पण तारा बदलल्यावर जो फरक पडला त्याच्या निम्माही नाही.

जड ब्रिज घेऊ नका असं मी म्हणेन, सॅडल हलत नसतील तर मूळचा चालतो. त्याऐवजी गळ्यात अडकवल्यावर नेकची बाजू जड होऊन खाली झुकत असेल तर हलक्या खुंट्या बसवा किंवा आधी रुंद, आतून खरखरीत पट्टा घेऊन बघा, खांद्यावरून सरकत नाही. आणि काढलेला प्रत्येक पार्ट स्क्रूसकट पिशवीत नाव लिहून ठेवा, बेस विकायची वेळ आली तर मूळचे पार्ट परत लावून नवीन पिकअप पुढच्या बेसमध्ये नेता येतो.