साताऱ्याच्या डोंगरात उघड्यावर झोपायचंय? स्वस्तातल्या बिव्ही बॅगांची तुलना

बिव्ही बॅग म्हणजे स्लीपिंग बॅगेवर चढवायची खोळ. दांड्या नाहीत, खुंट्या नाहीत. अंग टेकेल एवढी सपाट जागा मिळाली की पसरायची आणि आत शिरायचं. दोघांचा साधा तंबू सॅकमध्ये अडीच-तीन किलो वजन घेतो, बिव्ही पाव किलो ते एक किलोत भागते. सायकलवर तापोळ्याकडे जाणारे, एकटेच आडवाटेचे किल्ले करणारे, आकाशदर्शनासाठी माणदेशातली माळरानं गाठणारे, सगळे शेवटी एकाच प्रश्नाशी येतात: दोन-तीन हजारांत चांगली कुठली मिळेल?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची तुलना त्या नजरेनं वाचता येईल. आपल्या जिल्ह्यात बिव्ही घेताना पाऊस डोळ्यांपुढे ठेवू नका. वाफ बाहेर सोडणारं कापड आणि तोंडाशी घट्ट बंद होणारी जाळी, या दोनच गोष्टींसाठी पैसे मोजा. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बिव्ही ब्रिटन-युरोपातल्या ओल्या, गार डोंगरांसाठी बेतलेल्या असतात. तिकडे पाऊस कुठल्याही महिन्यात येतो आणि साप-विंचवाची भीती फारशी नसते. आपलं गणित बरोबर उलटं आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत घाटमाथ्यावर कुठलीच बिव्ही उपयोगाची नाही, मग ती कितीही महाग असो. बूट कुठे काढणार, ओला रेनकोट कुठे ठेवणार, आत शिरताना पाणी कसं अडवणार? पावसाळ्यात देवळाचा सभामंडप किंवा गावातली ओळखीची पडवी, एवढेच दोन पर्याय. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत मात्र आकाश बहुतेक कोरडं असतं. पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे तर वर्षभरातच पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणजे बिव्ही वापरायचे आपले महिने कोरडे आहेत, आणि त्या महिन्यांत अंगावर पाणी येतं ते दोन वाटांनी: बाहेरून दहिवर आणि आतून आपलीच वाफ.

ही आतली वाफ नीट समजून घ्या, कारण स्वस्त बिव्ही इथेच फसते. झोपेत श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. निरभ्र रात्री बिव्हीचं वरचं कापड उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्यामुळे त्याच्या बाहेरच्या बाजूला दहिवर धरतं आणि आतल्या बाजूला आपली वाफ थिजते. कापडातून वाफ जात नसेल तर पहाटे स्लीपिंग बॅग दमट लागते, आणि त्यात पिसं भरलेली असतील तर तिची ऊबच जाते. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तशा रात्री ही दमट बॅग नुसती त्रासाची राहत नाही, धोक्याची होते.

आता एकेक पर्याय.

चंदेरी आणीबाणीची पिशवी की श्वास घेणारी हलकी पिशवी

सगळ्यात स्वस्त म्हणजे चंदेरी प्लास्टिकची इमर्जन्सी बिव्ही. काहीशे रुपयांत मिळते, वजन शंभर-दीडशे ग्रॅम, घडी मुठीत मावते. ती वाफ अजिबात सोडत नाही. कुणी पाय मुरगळून डोंगरात अडकलं, रात्र काढायची वेळ आली, तर जीव वाचवेल अशी वस्तू आहे; सॅकच्या तळाशी एक कायम असू द्या. पण ठरवून झोपायला ती घेऊ नका. रात्रभर कुरकुरते, कुसळाच्या एका टोचणीनं फाटते आणि सकाळी आतून घामेजलेली असते.

तिच्या शेजारी एसओएल कंपनीची एस्केप बिव्ही ठेवून बघा. वजन सुमारे 240 ग्रॅम, आतून उष्णता परत फेकणारी झाक, आणि कापड वाफ बऱ्यापैकी बाहेर जाऊ देणारं. मुसळधार पावसात ती टिकत नाही, पण आपल्याला तशा पावसात झोपायचंच नाही. दहिवर आणि चुकार शिंतोडे ती सहज झेलते. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री नुसत्या चादरीवर ही ओढली तरी पुरते. अडचणी दोन. एक, ती अंगासरशी आहे. जाड स्लीपिंग बॅग आत घातली की दाटी होते, बॅगेतला भराव दबतो आणि थंडी वाजते. दुसरी अडचण मोठी: तोंडाला जाळी नाही. शिवाय परदेशातून मागवली तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत बरीच चढते.

लष्करी जुनी की नवी पातळ

परदेशी ट्रेकर्स स्वस्त बिव्ही म्हटलं की हमखास ब्रिटिश लष्कराची गोर-टेक्सची जुनी बिव्ही सुचवतात. गोर-टेक्सचं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला लहान आणि वाफेला पुरेशी मोठी असतात. ही बिव्ही ऐसपैस आहे, कॅरीमॅटसकट, म्हणजे खाली अंथरायच्या फोमच्या चटईसकट, माणूस आत मावतो, आणि कापड दणकट. वजन मात्र किलोच्या जवळ. चेन नाही, तोंड दोरीनं आवळायचं. अमेरिकी लष्कराच्या बिव्हीला चेन असते, वजन तितकंच.

जुनी लष्करी बिव्ही हाती आली तर कापड उजेडात धरा. अस्तर सुटून फुगे आले असतील, शिवणीवरची पट्टी उकलली असेल तर सोडून द्या. हातभर भाग उलटा करून त्यात तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, खालून हात फिरवा. ओल लागली तर ती बिव्ही संपलेली आहे, विकणारा काहीही म्हणो.

नव्यात ब्रिटनमधल्या अल्पकिटची हुंका हे बजेटातलं ठळक नाव. वजन 400 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लष्करीच्या निम्मं, आणि कापड दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसेल इतकं जलरोधक. पण नेमक्या या गुणाचे पैसे आपण वाया घालवतो. जितकं जलरोधक कापड, तितकी वाफ कोंडायची शक्यता जास्त, हा स्वस्त कापडांचा ढोबळ नियम आहे. वाफ अस्तरातून बाहेर ढकलली जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कृष्णा-वेण्णेच्या खोऱ्यात धुकं साचलेलं असतं, बाहेरची हवाच ओथंबलेली. तेव्हा चांगल्या अस्तरालाही घाम फुटतो. जाळी नाहीच. सह्याद्रीबरोबर हिमालयातही जाणार असाल तर हुंका घ्या. फक्त सातारा-सांगलीच्या डोंगरांसाठी घेत असाल तर मी ती सुचवणार नाही.

जाळीचा प्रश्न

हा मुद्दा परदेशी तुलनांमध्ये डासांपुरता येतो. आपल्याकडे तो मण्यारीचा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना तिचे दंश होतात, हे ग्रामीण डॉक्टरांना नीट ठाऊक आहे. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, वेदनाही फारशी होत नाही. मग काही तासांनी पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात. त्यात फुरसं आहे, लाल विंचू आहे, गुरं बसायच्या जागी गोचीड आहेत. उघड्या तोंडाची पिशवी यातलं काहीच अडवत नाही. चारी बाजूंनी बंद जाळी अडवते.

म्हणून एखादी बिव्ही बाकी सगळ्या बाबतीत सरस असली तरी तिला चेनबंद जाळी नसेल, तर मी तिला खालच्या क्रमांकावर टाकतो. जलरोधक झाकण मात्र तोंडापर्यंत पूर्ण बंद करून कधीही झोपू नका. भारी कापडातही श्वासाला मोकळी वाट लागतेच. जाळी बंद, झाकण उघडं, असं झोपता आलं पाहिजे. आणि झोपेतून उठून काही चावल्याची शंका आली, पोटात दुखलं, डोळे जड वाटले, तर सकाळची वाट न बघता सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात जा.

डोक्याशी एक कमान असलेल्या जाळीदार बिव्ही मिळतात. चेहऱ्यावर कापड येत नाही, झोप छान लागते. पण त्या किलोभर वजनाच्या आणि किमतीत एकट्याच्या तंबूला भिडणाऱ्या. तेवढे पैसे असतील तर तंबूच घ्या. त्यात बसता येतं, कपडे बदलता येतात.

घोंगडी

तिला या यादीत जागा आहे, आणि मी ती मनापासून देतो. मेंढ्या घेऊन महिनोन् महिने रानात मुक्काम करणारे माण-खटावचे मेंढपाळ दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीच्या घोंगडीवर उघड्या आकाशाखाली झोपत आले आहेत. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी कडक असते, दहिवर तिच्या वरच्या केसांवरच थांबतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वाफ कोंडायचा प्रश्न येत नाही, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर नायलॉनसारखं वितळून भोक पडत नाही. दोष वजनाचा, दोन किलोच्या पुढेच जाते, भिजली तर आणखी. पाठीवर घेऊन वैराटगड चढायचा तर नको वाटेल. गाडीनं पाटेश्वरच्या बाजूला जाऊन रात्र काढायची असेल, तर खाली ताडपत्री, वर घोंगडी, त्यावर टांगलेली एकट्याची मच्छरदाणी. झोपेच्या बाबतीत वरच्या कुठल्याही पिशवीपेक्षा हे उजवं आहे.

आषाढात माउलींच्या पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटणच्या मुक्कामांना जाणाऱ्यांनीही बिव्हीच्या मागे लागू नये. तिथे गर्दीत, चिखलात, पहाटे घाईनं उठायचं असतं. वारकऱ्यांचा प्लास्टिकचा कागद आणि दिंडीचा तंबू हेच सोयीचं.

माझी निवड: शिवून घेतलेली

दोन-तीन हजारांत सातारकरानं काय करावं, याचं माझं उत्तर हे: बिव्ही विकत घेऊ नका, शिवून घ्या. वर छत्रीचं किंवा पातळ पॅराशूट कापड, डोक्याकडच्या भागात बारीक जाळी, खाली कोटिंग केलेलं नायलॉन. ज्याच्यातून तोंडानं जोर लावून फुंकर जाते पण वर टाकलेला पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो, ते कापड वरच्या बाजूला योग्य. फुंकर जाते म्हणजे वाफही जाईल. फुंकर जात नसेल आणि दुकानदार तरी श्वास घेणारं म्हणत असेल, तर वाफाळत्या पाण्याच्या पेल्यावर कापड ताणून बांधा आणि वर गार काचेचा ग्लास पालथा ठेवा. ग्लास आतून धुरकटला तर त्याचं म्हणणं खरं.

गाड्यांची सीट कव्हरं किंवा सॅक शिवणाऱ्याकडे जा. जाड सुईची मशीन आणि चेन बसवायचा हात त्यांच्याकडे असतो. लांबी साडेसात फूट धरा, उंच माणसाला आठ. खांद्याशी घेर किमान सात फूट, कॅरीमॅट आत घालायची तर आणखी फूटभर, पायाकडे निमुळती. तळाचं कापड दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं वर वळवा, म्हणजे खालची शिवण जमिनीला टेकणार नाही. चेन छातीपर्यंत, आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणारी. जाळीच्या मध्यावर बाहेरून एक नाडी शिवा, ती वरच्या फांदीला किंवा सायकलच्या हँडलला बांधली की जाळी नाकाला टेकत नाही. कापड आणि शिलाई मिळून दोन हजारांच्या आत बसावं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. उरलेल्या पैशांत एक हलकी ताडपत्री घ्या. अवकाळी आला तर तीच छप्पर. आणि नुसती डोक्यावर तिरकी बांधली तरी आकाशाकडे जाणारी उष्णता अडते, दहिवर बरंच कमी होतं. झाडाखाली झोपल्यावर अंथरूण कोरडं राहतं ते याच कारणानं.

जागेचं थोडं. गार हवा जड होऊन खोलगटात उतरते, म्हणून ओढ्याकाठापेक्षा उताराच्या मध्यावर झोपा. दिवाळीच्या सुमाराला गवत वाळलेलं असतं आणि कुसळं तळाच्या कापडातून आरपार येतात. खाली जुनं पोतं अंथरा. कराड-पाटणच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे, तिथे बांधावर बिव्ही टाकू नका. कोयना अभयारण्य 1985 पासूनचं, 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यातल्या वासोट्यावर मुक्काम करता येत नाही. कासच्या पठारावरही पसरू नका, तिथली फुलं जेमतेम बोटभर मातीवर उगवतात. बाकी कुठल्याही डोंगरावर जाण्याआधी पायथ्याच्या गावात विचारा, आणि रात्री वर कोण आहे हे गावात एकाला तरी माहीत असू द्या.

सकाळी उठल्यावर बिव्ही उलटी करून उन्हात टाका, चहा होईपर्यंत वाळते. धुताना साधा साबण वापरा, कपड्यांचा सॉफ्टनर नको. त्यानं थेंब घरंगळायचे थांबतात. घरी ठेवताना घडी घट्ट दाबू नका, खुंटीला सैल टांगा.