लोन सेटलमेंट कंपनीचा अनुभव, आणि बँकरप्सीचं खरं काय ते (५ पैकी २ स्टार)

लोन सेटलमेंट कंपनी म्हणजे थकलेल्या कर्जाची बँकेशी कमी रकमेत तडजोड करून देतो म्हणणारी, फी घेऊन. कंपनीचं नाव घेत नाही, पुण्यातलीच आहे, पण या धंद्यातल्या सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने तीच असते, इन्स्टावर "कर्जमुक्त व्हा, ७० टक्क्यांपर्यंत माफ" अशी जाहिरात दिसली की ओळखायचं. दोन स्टार का ते खाली लिहिलंय, मोठं झालंय पण ज्यांच्यावर वेळ आलीय ते वाचतील.

आमची हिंजवडीला आयटीवाल्यांसाठी मेस आणि डबे होते. २०२० ला ऑफिसं बंद झाली ती झालीच, नंतर उघडली तरी अर्धी पोरं घरूनच काम करायला लागली. मेसचं भाडं भरायला पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, कार्डाचं मिनिमम भरायला अ‍ॅपचं लोन, असं करत करत माझ्या नावावर अकराएक लाख झाले. सगळं विनातारण, घर भाड्याचं, गाडी म्हणजे डबे पोचवायची जुनी अ‍ॅक्टिव्हा. कार्डवाले महिन्याला साडेतीन टक्क्याने व्याज लावतात म्हणजे वर्षाला ४० च्या वर गेलं, मिनिमम ड्यू भरत बसलं तर मुद्दल जागचं हलत नाही, हे बँकेतला माणूस कार्ड देताना सांगत नाही.

नणंद न्यूजर्सीला असते, ती म्हणाली वहिनी सरळ बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, फाइल करा, इकडे चॅप्टर सेव्हनमध्ये (तिकडच्या दिवाळखोरी कायद्यातला भाग) लोक चार-पाच महिन्यांत मोकळे होतात, फक्त क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं राहतं. तिकडचं तिचं बरोबर आहे. सेटलमेंट कंपनीतल्या काउन्सेलरला विचारलं तर तो म्हणे, "मॅडम, इंडियात पर्सनल बँकरप्सी नसतेच, आमच्यासारखे लोक हाच एक मार्ग." इथेच पहिला स्टार गेला, कारण हे अर्धवट आहे, आणि त्यांना ते माहीत असणार.

झालंय असं की २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात, तो आयबीसी म्हणतात तो, साध्या माणसांसाठी वेगळा भाग आहे, पण तो लागू केलाय फक्त कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यांना, १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी आपल्यासारख्यांसाठी अजून इंग्रजांच्या काळातलाच कायदा चालू आहे, मुंबई शहरात १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा. म्हणजे पुण्यात जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच, अर्ज करता येतो. कर्ज किती हवं? पाचशे रुपये! तेव्हाचा आकडा तसाच राहिलाय. कोर्टाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता रिसीव्हरकडे (कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जाते, कर्ज देणारे कोर्टाला विचारल्याशिवाय वेगळा दावा लावू शकत नाहीत, आणि नंतर कधीतरी तुम्ही डिस्चार्ज, म्हणजे नादारीतून सुटका, मागायचा. तोपर्यंत कंपनीचं डायरेक्टर होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, ते ठीक आहे, मला कुठे नगरसेवक व्हायचंय. पण एक कलम ऐकून मला हसू की रडू झालं, डिस्चार्ज मिळेपर्यंत मी नादार आहे हे न सांगता कुणाकडून पन्नास रुपयांची उधारी केली तरी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पन्नास रुपये! आमच्या किराणावाल्याच्या वहीत रोज त्याच्यावर लिहिलेलं असतं.

हे सगळं मला कंपनीने नाही, शिवाजीनगर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाईंनी सांगितलं, फुकट. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे मलाही शेजारणीकडून कळलं. पुरुषांना उत्पन्नाची वगैरे अट असते, पण विचारायला पैसे पडत नाहीत. त्या बाई म्हणाल्या, ताई, नादारीचा अर्ज टाकल्या टाकल्या सगळं आपोआप थांबतं असं आपल्याकडे नाही, ऑर्डर व्हायला वेळ जातो, तारखा पडतात, आणि वाटून द्यायला तुमच्याकडे आहेच काय. ज्याच्यावर कोर्टाचा पैसे भरायचा हुकूमनामा झालाय, दिवाणी अटकेची वेळ आलीय, त्याला याचा खरा उपयोग. मग त्यांनीच सांगितलं की पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला अटक करताच येत नाही. शिवाय पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत, पीएफला हात लावता येत नाही, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी पण सुटतात. भांड्यांचं ऐकलं आणि मी खुर्चीत जरा सैल बसले, कारण डब्याची पातेली गेली असती तर उद्या कमवायचं कशावर? फक्त चेक बाउन्सचं वेगळं, ती फौजदारी केस असते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तसंच कलम लागतं. त्यामुळे समन्स आलं तर तारखेला जायचंच.

म्हणून बँकरप्सी नको, सेटलमेंट करायचं असं ठरलं. आता कंपनीचं काम.

चांगलं आधी लिहिते. वसुलीवाल्यांचे फोन त्यांच्याकडे वळवून घेतात, पहिल्या आठवड्यात घरात जी शांतता झाली तिच्यासाठीच मी एक स्टार दिलाय. वकिलाच्या नोटिसांना उत्तरं व्यवस्थित लिहून देतात. एक मुलगी होती केस बघायला, ती मराठी बोलायची, फोन उचलायची, खोटं बोलायची नाही, तिच्यामुळे दुसरा स्टार. ती मध्येच सोडून गेली, नंतर जो आला त्याला माझी फाइल कुठली तेच माहीत नसायचं.

आता बाकीचं. सरसकट सगळ्यांना एकच सांगतात, सगळे हप्ते बंद करा आणि तेवढे पैसे वेगळ्या खात्यात साठवा. माझं एक छोटं लोन अगदी वेळेवर चालू होतं, थोडेच हप्ते राहिलेले, ते पण बंद करा म्हणे. मी नाही केलं आणि बरं झालं, ते आज रिपोर्टवर क्लोज्ड दिसतं. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत) होतं आणि मग बँक सेटलमेंटला तयार होते, हे त्यांचं गणित खरं आहे, पण त्या तीन महिन्यांत दंड चढतो, घरी माणसं येतात, आणि हे साइन करताना कुणी सांगत नाही.

सगळ्यात मोठी मेख फीमध्ये आहे. दर महिन्याला ठरावीक रक्कम, वर सेटलमेंट झालं की "वाचवलेल्या" पैशावर टक्के, वर १८ टक्के जीएसटी. आता वाचवलेले म्हणजे कुठून मोजायचे? मी आले तेव्हाच्या थकबाकीवरून नाही हं, सेटलमेंटच्या दिवशीच्या थकबाकीवरून, म्हणजे व्याज-दंड धरून फुगलेल्या रकमेवरून. जितका उशीर तितकं फुगणार, तितकं जास्त वाचलं असं दिसणार आणि तितकी त्यांची फी. मग त्यांना घाई का असेल? साइन करण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारा, बाकी काही नाही विचारलं तरी चालेल.

एका बँकेचं तर मीच लोकअदालतीत मिटवलं. कोर्टात दावा लावण्याआधी तिथे या, अशी बँकेची दावापूर्व नोटीस आली होती, कंपनीवाला म्हणाला जाऊ नका, आम्ही बोलतोय, आमची वेगळी ऑफर येईल. वकीलबाई म्हणाल्या जा, कोर्ट फी नाही, पटलं नाही तर सही करू नका, जबरदस्ती नसते. गेले तर बँकेचा अधिकारी समोर बसलेला, मी घरभाडं, पोरीची फी, अहोंची पगाराची स्लिप सगळं पुढे ठेवलं, आणि कंपनीने आणलेल्या आकड्यापेक्षा कमीत आणि चार हप्त्यांत मिटलं. तिथे सही करताना मात्र विचार करून करा, त्या निवाड्यावर अपील नसतं आणि ठरलेला हप्ता चुकला तर कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते, त्यामुळे झेपेल तेवढंच कबूल करायचं.

वसुलीवाल्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त त्रास तोच. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना सांगणं नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट बघायलाच बंदी आहे. आमच्या सासूबाईंना गावाला फोन गेला होता, मी तारीख-वेळ लिहून बँकेला मेल केला, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनच्या (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाच्या) पोर्टलवर तक्रार टाकली, त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर फोनवरची भाषा एकदम "मॅडम, जी" झाली. आणि एक, घरी आलेला माणूस अहोंना म्हणत होता तुमचा एक चेक द्या, विषय संपवतो. बिलकुल द्यायचा नाही! नवरा जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर बायकोच्या विनातारण कर्जाला तो बांधील नाही, पण स्वतःचा चेक दिला की नसतं लचांड गळ्यात.

नंतरचं काय, ते कुणी लिहीत नाही. रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा पडतो, सात वर्षं तरी दिसत राहतो. कंपनी म्हणाली सहा महिन्यांत ७५० स्कोअर, विसरा. तडजोड केलेल्या बँकेत पुन्हा कर्ज मागायचं तर किमान १२ महिने थांबावं लागतं, आणि खरं तर त्याहून जास्तच. एका बँकेने पैसे घेऊनसुद्धा रिपोर्टमध्ये थकबाकी तशीच ठेवली होती, तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, तो मेलमध्ये लिहिल्यावर पटकन झालं. म्हणून सेटलमेंटचं पत्र बँकेच्याच लेटरहेडवर आधी घ्या, मगच पैसे भरा, आणि तेही बँकेच्या कर्जखात्यात, एजंटच्या जीपेवर नाही.

घरात सोपं नव्हतं. भिशी सोडली, लग्नाकार्याला जाणं टाळायला लागले, मोबाइल वाजला की पोटात गोळा यायचा, अहो रात्र रात्र गॅलरीत बसायचे. त्यांनी टेलिमानसच्या १४४१६ ला फोन केला, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तिथल्यांनी सांगितल्यावरच आम्ही सासूबाईंना आणि माझ्या भावाला सगळं खरं सांगितलं. भाऊ ओरडला भरपूर, पण मग लपवायचं काही उरलं नाही त्यामुळे झोप लागायला लागली. पोरीच्या एज्युकेशन लोनला अहोंना सहकर्जदार केलं, त्यांचा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून ते झालं.

आता वीसेक डबे घरूनच करते, गिऱ्हाईकाकडून महिन्याचे पैसे आधी घेते, एफडीवर मिळतं ते छोटं कार्ड घेतलंय आणि त्यावर फक्त गॅस सिलिंडर भरते. ज्यांना पाच-सहा ठिकाणचे फोन खरंच सहन होत नाहीत आणि घरात बोलणारं कुणी नाही त्यांनी अशी कंपनी घ्यावी, पण महिन्याची फी घासाघीस करून खाली आणा, मी म्हटल्यावर लगेच कमी केली. बाकीच्यांनी आधी विधी सेवावाल्यांकडे जाऊन या. माझं एक कार्ड अजून बाकी आहे, ते पुढच्या लोकअदालतीत मीच घेऊन जाणार आहे.