मेलानोमा: निव्होलुमॅब एकटं की इपिलिमुमॅबच्या जोडीने?

पसरलेल्या मेलानोमासाठी (हा बहुतेकदा त्वचेत सुरू होणारा कॅन्सर) इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार, ठरली की हा प्रश्न येतोच. मी जोडीने सुरुवात केली आणि पुढे एकट्या निव्होलुमॅबवर आलो, म्हणजे दोन्ही अंगावर घेऊन झालं आहे.

दोन्ही औषधं टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींचा) ब्रेकच सोडवतात, पण जागा वेगळी. इपिलिमुमॅब सोडवतं सीटीएलए-४ नावाचा ब्रेक, निव्होलुमॅब पीडी-१ नावाचा. सीटीएलए-४ चा ब्रेक लागतो तो मुख्यतः लसिकाग्रंथीत, टी-पेशी नुकती कामाला लागत असते तेव्हा. पीडी-१ चा लागतो बराच नंतर, थेट गाठीपाशी. तिथे कॅन्सरच्या पेशी हा ब्रेक दाबणारं पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून टी-पेशीला गप्प बसवतात आणि गाठ वाढत राहते. म्हणून इपिलिमुमॅबने जाग्या झालेल्या टी-पेशी फक्त गाठीवरच जातील याचा भरवसा कमी. हे वाचून फारसं जाणवत नाही, आतड्यांना सूज आली की कळतं.

आकडे जोडीच्या बाजूने आहेत, ते नाकारत नाही. चेकमेट-०६७ चाचणीत १० वर्षांनी जोडी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के हयात होते, एकटं निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी ३७ टक्के. चाचणी मुळात या दोघांची थेट तुलना करायला आखलेली नव्हती, हेही खरं. गंभीर दुष्परिणाम मात्र जोडीत निम्म्याहून जास्त जणांना झाले, एकट्या निव्होलुमॅबवर पाव हिश्श्यापेक्षा कमी जणांना.

माझं पारडं फिरवलं ते आतड्यांच्या सुजेवर दिलेल्या स्टिरॉइडने. जुलाब तसे लवकर आटोक्यात आले, पण गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. डोस जरा उतरवला की पोट बिघडायचं, की परत चढवायचा. रात्री डोळ्याला डोळा नाही, चेहरा सुजलेला, साखर वर. डॉक्टरांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज किती वेळा गेलात?’ आणि या सगळ्या काळात कॅन्सरचं औषध बंद! मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. मध्येच थांबवलेल्यांनाही जोडीचा फायदा टिकतो असं दिसलं आहे, पण स्कॅनची वाट बघत बसलेल्या माणसाला ते पटवून घेणं जड जातं.

एकट्या निव्होलुमॅबवर माझा थायरॉइड मंदावला. रोज सकाळी एक गोळी, बहुधा कायमची. तेवढं चालतं. महिन्यातून एकदा सलाईन लावून घरी.

मेंदूत पसरला असेल, किंवा रक्ततपासणीत एलडीएच (आजाराचा जोर दाखवणारं एक एन्झाइम) बरंच चढलेलं असेल, तर जोडीचाच विचार आधी करा. तिथे माझा अनुभव लावू नका. आधीपासून सोरायसिस, संधिवात किंवा आतड्यांचा जुना आजार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा. २०२२ पासून निव्होलुमॅबसोबत रेलाटलिमॅब (इम्युनोथेरपीचंच आणखी एक औषध) हाही पर्याय आहे, तो मी घेतलेला नाही.

यातलं काही नसेल, तर डॉक्टरांशी बोलून एकट्यानेच सुरुवात करावी असं मला वाटतं. गाठ वाढताना दिसलीच तर इपिलिमुमॅब नंतरही जोडता येतं.