जुन्या ४०७ च्या कॅम्परला टायर: नायलॉन की रेडियल?

टाटा ४०७ वर बांधलेली घर-गाडी कोकणात फिरवायची तर सहा टायर आणि स्टेपनी, म्हणजे खर्च एकदम अंगावर येतो. ७.००-१६ मापाचं नायलॉन (तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या नायलॉन धाग्यांच्या थरांचं टायर) स्वस्त पडतं. बाजू जाड, त्यामुळे कातळावरच्या अणकुचीदार दगडांना दाद देत नाही. पण कॅम्पर महिनोन्‌महिने अंगणात उभीच असते आणि नायलॉन उभ्या जागी चपटं बसतं. पहिले काही किलोमीटर गाडी हादरते. शिवाय लांबच्या पल्ल्यात तापतं जास्त.

रेडियल (आडव्या धाग्यांवर पट्टा बसवलेलं टायर) महाग, पण थंड चालतं, घाटात पकड बरी, डिझेलही थोडं वाचतं. आंबा किंवा फोंडा घाट नेहमीचा असेल तर माझं मत सरळ रेडियलला. रुंद माप मात्र विचारपूर्वक घ्या, मागच्या जोडटायरांत अंतर उरलं पाहिजे. एकाच अ‍ॅक्सलवर दोन्ही प्रकार मिसळू नका.

काहीही घ्या, बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं उत्पादन. टायरवरची नक्षी शाबूत असली तरी ऊन खाल्लेलं रबर तडकतं. दुकानदार ‘नवाच आहे हो’ म्हणणारच!