चकनट ड्राइव्हवरची कालवं आणि त्यांना तारणारा कायदा

सिॲटलच्या परिसरात राहणाऱ्या मासेखाऊ मराठी मंडळींना माझी एकच शिफारस आहे : सामिश उपसागराच्या काठावर चकनट ड्राइव्हला टेलर शेलफिशचं दुकान आहे, तिथे जा. बेलव्ह्यूहून दीड तासाच्या आसपास लागतो. टाक्यांमध्ये जिवंत कालवं, तिसऱ्या, शिनाणे ठेवलेले असतात, आणि समोर ज्या खाडीत कालवं वाढतात ती खाडीच. ओहोटीची वेळ बघून निघालात तर पाणी मागे हटलेलं दिसेल.

मी देवगडची. आमच्याकडे बायका सुकतीला खडकांवर बसून कालवं फोडतात आणि मांस वाट्यावर विकतात. त्यामुळे कालवं मला नवी नाहीत, पण इथे एकाच दुकानात इतके प्रकार मिळतात याचं अप्रूप वाटतं. कुमामोटो लहान, खोलगट आणि गोडसर असतं. कच्चं खायला धजत नसाल तर सुरुवात त्यानेच करा. पॅसिफिक मोठं आणि मांसल, मसाल्याला तेच बरं. ऑलिंपिया हे इथलं मूळचं कालव. आकाराने अगदी छोटं, पण चव तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी, जिभेवर रेंगाळणारी. आई आली होती तेव्हा पॅसिफिकचं सुकं केलं होतं. मी मिठाच्या डब्याकडे हात नेला तशी ती म्हणाली, "ह्येका मीठ घालू नको गो, ह्येच्यात दर्या आसा." खरंच गरज नव्हती.

या धंद्यात कालवांच्या पोत्याला चिठ्ठी बांधलेली असते : कुठल्या पाण्यातली, कधी काढली. ती नियमानेच लागते, आणि उपाहारगृहांना तर ती 90 दिवस जपून ठेवावी लागते. कोणी आजारी पडलं तर माग थेट त्या खाडीपर्यंत काढता येतो. ही शिस्त मला फार आवडते. पण या किनाऱ्यावरची कालवं आज मिळतात ती एवढ्यामुळेच नाही, आणि हे खाणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

2005 नंतर वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा उपसागरात कालवांचं नैसर्गिक बीज धरेनासं झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॅचरीतली, म्हणजे टाक्यांत कालवांचं बीज तयार करतात तिथली, पिल्लंही मरू लागली. ऑरेगनमधल्या नेटार्ट्स उपसागरावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत टाक्याच्या टाक्या रिकाम्या झाल्या. आधी संशय जंतूंवर गेला. पाणी गाळून, निर्जंतुक करूनही मरतूक थांबेना, तेव्हा पाण्याचं रसायन तपासलं गेलं. उत्तरेचा वारा सुटला की या किनाऱ्याला खोलातलं पाणी वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त, त्यात आपल्या धुराड्यांतून समुद्राने शोषलेल्याची भर. कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत अंड्यातल्या शिदोरीवर आपलं कवच बांधतं. या वायूने पाणी आम्लतेकडे झुकलं की सगळी ताकद त्या कवचातच संपते. उपाय सापडला तो धुण्याच्या सोड्याचा : पाणी टाकीत घेताना मोजून सोडियम कार्बोनेट घालायचं.

मोजायला यंत्रं हवीत. 2010 मध्ये सिनेटर मारिया कँटवेल यांच्या प्रयत्नाने केंद्राचा पैसा आला आणि हॅचऱ्यांच्या तोंडाशी पाण्यावर पाळत बसली. 2012 मध्ये गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉर यांनी शास्त्रज्ञ, कालवं पिकवणारे, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी आणि आमदार यांना समुद्राच्या आम्लीकरणावरच्या एका समितीत बसवलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस सहअध्यक्ष होते. त्यांच्या अहवालात 42 शिफारशी आहेत, आणि या धंद्याची राज्याला होणारी वार्षिक कमाई 27 कोटी डॉलर सांगितली आहे. अहवाल आला त्याच महिन्यात गव्हर्नरांचा आदेश निघाला, आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने वॉशिंग्टन विद्यापीठात आम्लीकरणाच्या अभ्यासासाठी वेगळं केंद्र उभं केलं. अहवाल आल्यावर सरकार इतक्या लगबगीने हललेलं मी क्वचितच पाहिलं आहे. याचं श्रेय मी आधी कालवं पिकवणाऱ्यांना देते. आपला माल बदनाम होईल या भीतीने ते गप्प बसू शकले असते, पण त्यांनी उघडपणे सांगितलं.

केंद्र सरकारचा कायदा मात्र इथे तोकडा पडतो. 2009 चा आम्लीकरणविषयक कायदा संशोधन आणि देखरेखीचा आहे, कोणाच्या धुराला तो हात लावत नाही. स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली सागरी पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप) नैसर्गिक मर्यादेपासून 0.2 पेक्षा जास्त ढळू नये असा जुना निकष आहे. त्याच्या आधारे पर्यावरणवादी कोर्टात गेले, इथलं पाणी 'बाधित' जाहीर करा म्हणाले. 2015 मध्ये सिॲटलच्या केंद्रीय न्यायालयात ते हरले. हॅचरीच्या टाकीतल्या मरतुकीने खुल्या समुद्रातल्या जिवांना झालेली इजा सिद्ध होत नाही, अशी सरकारी बाजू होती. मला हे पटत नाही. टाकीत येतं ते खाडीचंच पाणी, आणि खाडीतल्या रानटी पिल्लांना सोडा घालायला कोणी येत नाही.

म्हणून माझ्या लेखी कालवांसाठी सर्वांत महत्त्वाचा कायदा तो, ज्यात कालवाचं नावही ठळक नाही : राज्याचा 2021 चा हवामान कायदा. 2023 पासून मोठ्या प्रदूषकांना दर टन उत्सर्जनासाठी परवाना घ्यावा लागतो. हा कायदा रद्द करायचा प्रस्ताव 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. पेट्रोल महागतं अशी तक्रार आमच्या मराठी घरांतूनही ऐकू येते, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पण सोड्याची पोती टाकीपुरती पुरतात, समुद्राला नाही.

तर दुकानाबद्दल शेवटचं. सोबत बर्फाची पेटी न्या, पण कालवं गोड्या पाण्यात बुडू देऊ नका, मरतात. वर ओलं फडकं टाका. घरी फोडणार असाल तर जाड हातमोजा आणि कालवं उघडायची बोथट सुरी हवी, आपली कोयती इथे नको. तिसऱ्या घेतल्यात तर ओल्या नारळाचं वाटण आदल्या रात्रीच करून ठेवा. आणि ऑलिंपिया असतील तर नक्की घ्या. त्यांची मादी पिल्लांना काही दिवस आपल्या शिंपल्यातच सांभाळते आणि पिल्लं कवचही सावकाश बांधतात, त्यामुळे आम्ल पाण्यात त्यांचा निभाव जरा जास्त लागतो असं संशोधक मानतात.